तीन गन, तीन पाळ्या, एक डाय: इन्फ्रारेड थर्मामीटरच्या कॅलिब्रेशनचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतला हा मध्यम आकाराचा कारखाना. ॲल्युमिनियमचे ग्रॅव्हिटी डाय-कास्टिंग होते, म्हणजे वितळलेल्या धातूचा रस त्याच्याच वजनाने धातूच्या साच्यात (डायमध्ये) ओतला जातो; माल मुख्यतः वाहन उद्योगाला जातो. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. ज्या भागाबद्दल हे प्रकरण आहे तो पंपाचे कव्हर होता. मिश्रधातू एलएम-२५, भट्टीतला रस ७२० अंशांच्या आसपास, पोलादी डाय, तिच्यावर पाण्यात कालवून फवारायचा लेप, म्हणजे कोट.

या कामात डायचे तापमान सगळ्यात नाजूक. डाय थंड पडली की रस पोचायच्या आधीच गोठायला लागतो, दोन प्रवाह नीट एकजीव होत नाहीत आणि कोल्ड शट येतो. फार तापली की उलटे: जाड भाग उशिरा गोठतो, आत श्रिंकेजची पोकळी राहते, शिवाय नग निघायला वेळ लागतो. म्हणून कामाच्या पत्रकात लिहिले होते: डायचे तापमान ३१० अंश, अधिक-उणे १५. प्रत्येक तासाला गनने, म्हणजे लांबूनच तापमान दाखवणाऱ्या हातातल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने, मोजायचे आणि तक्त्यात भरायचे. बाकी काही लिहिलेले नव्हते. कोणत्या गनने, कुठून, कोणत्या क्षणी, यातले काहीच नाही.

गन तीन होत्या. पहिल्या पाळीत क्वालिटी विभागाची पिवळी. दुसऱ्या पाळीत प्रॉडक्शनच्या टेबलावर पडून असलेली लाल. रात्री क्वालिटीचे कपाट कुलूपबंद असल्यामुळे मेंटेनन्सची काळी. तिन्हींवर कॅलिब्रेशनचे (प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहिल्याचे) स्टिकर होते आणि तिन्हींची मुदत शिल्लक होती.

अडचण

रात्रपाळीत कोल्ड शटमुळे होणारी रिजेक्शन दिवसाच्या दुपटीहून जास्त होती. दुसऱ्या पाळीत कोल्ड शट जवळपास नव्हता, पण मशिनिंगला गेल्यावर श्रिंकेज उघडे पडायचे आणि नगसंख्याही कमी भरायची. महिन्याच्या बैठकीत यावर जो निष्कर्ष निघायचा तो कुठल्याही कारखान्यात निघतो: रात्रीची माणसे झोपतात, दुसऱ्या पाळीची माणसे रेंगाळतात. तक्ते मात्र तिन्ही पाळ्यांचे सारखेच सुंदर. ३०८, ३१२, ३१०, ३०५.

रात्रीचा जुना ऑपरेटर, ज्याला सगळे मामा म्हणत, तो अनेकदा सांगून थकला होता. "साहेब, डाय थंड हाय. स्प्रे मारला की चर्र व्हायला पायजे, हितं नुसतं भिजतंय." त्यावर सुपरवायझर गन रोखायचा, ती ३१२ दाखवायची आणि विषय संपायचा. मामाने एकदा परस्पर बर्नर वाढवून डाय तापवली. त्या रात्रीचा माल चांगला निघाला, पण तक्त्यात ३४० चा आकडा आल्यामुळे त्यालाच लेखी समज मिळाली. हा कागद नंतर फाईलमध्ये सापडला, आणि माझ्या मते सबंध प्रकरणातला सर्वात मोलाचा पुरावा तोच होता.

ग्राहकाच्या ऑडिटमध्ये पाळीनिहाय रिजेक्शनवर प्रश्न आला, तेव्हा मला बोलावणे आले. पहिल्या दिवशी कोणतेही उपकरण न आणता एकच गोष्ट करून घेतली. तिन्ही गन एकाच वेळी, एकाच अंतरावरून, ताज्या कोटाच्या एकाच जागेवर रोखल्या. पिवळी २७९, लाल २६६, काळी ३१२.

४६ अंशांची तफावत. पत्रकातला पूर्ण पट्टा ३० अंशांचा.

हे आधी कोणी का केले नव्हते? कारण तिन्ही गन कधी एका पाळीत भेटतच नव्हत्या. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाखाली मापन पद्धतीचा अभ्यास करावा लागतो आणि तो केलेलाही होता, पण एकच पिवळी गन तीन माणसांच्या हातात देऊन. माणसामाणसांतला फरक त्यांनी तपासला, गनागनांतला नाही.

समोर असलेले पर्याय

मालकांचा कल नवी, भारी गन घेण्याकडे होता. तीन भंगारात काढा, एक चांगली आणा. याला माझा विरोध होता, कारण तफावत कशामुळे आहे ते कळल्याशिवाय नवी गन म्हणजे चौथे मत.

क्वालिटी प्रमुखांनी सुचवले की बर्फाच्या आणि उकळत्या पाण्यावर घरीच तपासून पाहू. संपर्काने मोजणाऱ्या थर्मामीटरसाठी बर्फाचा भुगा आणि थोडे पाणी ही उत्तम शून्याची खूण आहे, गनसाठीही ढोबळ म्हणून चालते, कारण गन मोजते त्या लहरींमध्ये पाण्याची एमिसिव्हिटी (आदर्श काळ्या वस्तूच्या तुलनेत प्रारण सोडण्याचे प्रमाण) ०.९५ च्या वरच असते. उकळत्या पाण्याचे मात्र तसे नाही. वाफ मध्ये येते, भिंगावर बाष्प धरते, पाण्याचा पृष्ठभाग आतल्यापेक्षा थंड असतो, आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्याने पाणी शंभरावर नाही, ९८ च्या आसपास उकळते. हे सगळे सांभाळले तरी शून्य आणि ९८ वर बरोबर असलेली गन ३०० वर बरोबर असेलच असे नाही. हा पर्याय सोडला.

तिसरा पर्याय: तिन्ही गन एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) हिची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवणे. हे करायचेच होते. पण जुनी सर्टिफिकेट काढून वाचली तेव्हा गंमत दिसली. तपासणी ५०, १०० आणि २०० अंशांवर झाली होती. पर्चेसने ऑर्डरमध्ये "रेंजप्रमाणे" एवढेच लिहिले होते, प्रयोगशाळेने आपल्या सोयीचे बिंदू घेतले. ज्या ३१० वर कारखाना चालतो तिथे तिन्ही गन कधी तपासल्याच नव्हत्या. सर्टिफिकेटवर "पास" असेही कुठे नव्हते. त्रुटी आणि अनिश्चितता असे दोन रकाने होते, ते आपल्याला चालतात का हे ठरवायचे काम कारखान्याचे. स्टिकर लागला की कागद फाईलला, ही रीत.

चौथा पर्याय डायमध्ये कायमचे थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा, स्पर्शाने तापमान मोजणारा सेन्सर) बसवण्याचा. तांत्रिकदृष्ट्या सर्वात सरळ. पण चालू डायना भोके पाडायची, तारा रस आणि स्प्रेपासून वाचवायच्या, डाय बदलताना प्रत्येक वेळी जोडायच्या. प्रॉडक्शन सुपरवायझरने स्पष्ट सांगितले की तारा आठवडाभरात तुटतील. त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

ठरले ते असे: प्रयोगशाळेत सगळ्या गन पाठवायच्या, पण योग्य बिंदू मागून. आणि एका डायला मागून भोक पाडून थर्मोकपल घालायचे, कायमचे नव्हे, फक्त गन काय दाखवते आणि डाय खरी किती आहे हे एकदा जुळवून पाहण्यासाठी.

काय केले

गन पाठवण्याआधी एक छोटा वाद झाला. लाल गनच्या भिंगावर कोटाच्या फवाऱ्याचा पांढुरका थर दिसत होता. क्वालिटीचा मुलगा तो पुसायला निघाला, त्याला थांबवले. पुसून पाठवली असती तर आतापर्यंत ती किती चुकत होती हे कधीच कळले नसते, आणि दुसऱ्या पाळीचे श्रिंकेज कशाने येत होते तेही अंदाजावरच राहिले असते. म्हणून ऑर्डरमध्ये दोन गोष्टी लिहिल्या: आधी आहे त्या स्थितीत तपासा, मग भिंग साफ करून पुन्हा तपासा, आणि बिंदू २५०, ३००, ३५० व ४०० घ्या.

निकाल आला. पिवळी ३०० वर २ अंश कमी. लाल आहे त्या स्थितीत १४ अंश कमी, साफ केल्यावर ३ कमी. काळी १ अंश जास्त, म्हणजे तिन्हींत सर्वात चांगली!

काळी गन ३१२ दाखवत होती आणि ती सर्वात चांगली, हे ऐकून बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग सर्टिफिकेटवरची एक ओळ दाखवली: चाचणीवेळी एमिसिव्हिटी ०.९५. पिवळी आणि लाल या गनमध्ये ०.९५ कायमची बसवलेली असते, बदलता येत नाही. काळीत बदलता येते. मेंटेनन्सच्या फिटरने मोटारींच्या रंगवलेल्या बॉडी तपासताना कधीतरी ती ०.८० करून ठेवली होती. प्रयोगशाळेने आपल्या पद्धतीप्रमाणे ती ०.९५ वर आणून तपासली, आणि तशीच परत पाठवली.

इथे हिशेब समजून घ्यायला हवा. गन तापमान मोजत नाही. पृष्ठभागावरून येणारे ८ ते १४ मायक्रोमीटर लहरींचे प्रारण मोजते आणि "हा पृष्ठभाग आदर्श काळ्या वस्तूच्या इतक्या टक्के प्रारण सोडतो" असे गृहीत धरून आकडा काढते. सेटिंग ०.८० असेल तर गन समजते की समोरचा पृष्ठभाग मुळातच कमी सोडतो, म्हणून मिळालेल्या संदेशाला वाढवून दाखवते. प्रयोगशाळेतला तापवलेला काळा पृष्ठभाग ०.९५ च्या जवळचा असतो, म्हणून तिथे सगळे जुळते. डाय तशी नसते.

काळी गन ०.९५ होऊन परत आल्यावर रात्रीची रिजेक्शन त्याच आठवड्यात खाली आली. मालकांना वाटले प्रकरण मिटले. मिटले नव्हते, फक्त काळी गन आता पिवळीइतकीच चुकत होती.

ते थर्मोकपलने दाखवले. डायच्या पाठीकडून भोक पाडून पोकळीच्या तोंडापासून ३ मिलिमीटरवर थांबलो आणि आत के-टाइप थर्मोकपल बसवले. रस न ओतता गॅस बर्नरने डाय तापवली, तापमान स्थिर होऊ दिले, ताज्या कोटावर गन रोखली. थर्मोकपल ३३२, पिवळी गन ३०९. थर्मोकपलची स्वतःची संभाव्य चूक या तापमानाला अडीच अंशांच्या आसपास, तेव्हा २३ अंशांचा फरक त्याच्या माथी मारता येत नव्हता. सेटिंग बदलता येणाऱ्या काळ्या गनवर आकडा जुळेपर्यंत एमिसिव्हिटी कमी करत गेलो, ती ०.८५ वर जुळली. तोच प्रयोग गेटजवळ, म्हणजे रस पोकळीत शिरतो त्या वाटेजवळ, जिथे कोट झिजून पोलाद चमकत होते, तिथे केला. डाय ३३० च्या घरात, पिवळी गन २६०.

आता चित्र पूर्ण झाले. पत्रकातला ३१० हा आकडा काही वर्षांपूर्वी पिवळ्या गनने चाचण्या घेऊन ठरवला होता. म्हणजे चांगला माल निघतो ते डायचे खरे तापमान ३३० च्या आसपास. रात्री काळी गन ०.८० वर ३१० दाखवायची तेव्हा डाय ३०० च्याही खाली असे. दुसऱ्या पाळीत मळक्या लाल गनला ३१० दिसेपर्यंत डाय साधारण ३५० ला पोचे. मामाने बर्नर वाढवून काळ्या गनवर ३४० केले त्या रात्री डाय दिवसपाळीच्या जवळ आली होती.

पुढचा निर्णय सर्वात अवघड होता. पत्रकात कोणता आकडा लिहायचा? क्वालिटी प्रमुखांचे म्हणणे, खरे तापमान लिहा, ३३०, आणि गन ०.८५ वर ठेवा. पण दोन गनमध्ये ०.८५ करताच येत नव्हते. सुपरवायझर म्हणाला, "३१० सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, त्याला हात लावू नका." धोका दोन्हीकडे होता. खरा आकडा लिहून जुनी गन वापरली तर पहिल्या पाळीची चांगली चाललेली डाय लोक आणखी तापवणार. जुना आकडा ठेवला तर उद्या ०.८५ वर लावलेली नवी गन आली की रात्रपाळीची गोष्ट पुन्हा घडणार.

शेवटी पत्रकात दोन्ही लिहिले. "गनचे रीडिंग ३१० (सेटिंग ०.९५, ताजा कोट). डायचे खरे तापमान सुमारे ३३०." काळ्या गनचे सेटिंग ०.९५ वर ठेवून त्या बटणावर चिकटपट्टी मारली. मेंटेनन्ससाठी वेगळी गन दिली, कारण त्यांना सेटिंग बदलायची खरोखरच गरज असते; बंदी घातली असती तर कोणी पाळली नसती.

मोजण्याची जागा आणि क्षणही ठरवला. कास्टिंग काढल्यावर, स्प्रेच्या आधी, डाय उघडल्यापासून ठरलेल्या सेकंदाला. स्प्रे मारल्यावर पाण्याने पृष्ठभागाचे तापमान घसरते आणि आकड्याला अर्थ उरत नाही. अंतर ३० सेंटीमीटर. या गनचे अंतर-ठिपका प्रमाण १२:१ आहे, म्हणजे ३० सेंटीमीटरवरून अडीच सेंटीमीटरचा गोल मोजला जातो. ऑपरेटर दीड मीटरवरून रोखत होते, तिथे तो गोल साडेबारा सेंटीमीटरचा होतो आणि पोकळी तेवढी रुंदच नाही. बाजूची थंड प्लेटही त्यात येते. लेसरचा लाल ठिपका बारीक दिसतो म्हणून गनही तेवढेच बारीक मोजते असा समज सगळीकडे आढळतो. फिटरने वेल्डिंग रॉडचा ३० सेंटीमीटरचा तुकडा गनच्या बाजूला बांधून दिला. टोक डायजवळ नेले की अंतर बरोबर.

एक गोष्ट योगायोगाने सापडली. एका मशिनवर रीडिंग मधूनच पंधरा-वीस अंशांनी उडी मारायचे. समोर होल्डिंग भट्टीचे (वितळलेला रस गरम ठेवणाऱ्या भट्टीचे) तोंड. झाकण उघडे असले की ७०० अंशांची झळ डायवरून परावर्तित होऊन गनमध्ये शिरत होती. मध्ये पत्रा धरला की आकडा खाली. उभे राहण्याची जागा बदलून प्रश्न सुटला. हा पत्र्याचा प्रयोग कुठेही करून पाहण्यासारखा आहे, खर्च शून्य.

दर सोमवारच्या तपासणीसाठी ब्लॅक बॉडी (गन तपासायचा, ठरावीक तापमानाला ठेवलेला काळा पृष्ठभाग) विकत घ्यायची की नाही यावर थोडी चर्चा झाली, पण घेतली नाही. जुन्या डायचा एक ठोकळा कापून त्याला भोक पाडले, समोरच्या बाजूला मोटरसायकलच्या सायलेन्सरला मारतात तो मॅट काळा रंग दिला आणि हॉट प्लेटवर ३०० च्या पुढे नेला. पहिल्यांदा रंग धुरतो, तो धूर संपेपर्यंत थांबावे लागते. भोकात थर्मोकपल, समोर तिन्ही गन. कोणतीही गन थर्मोकपलपासून ५ अंशांहून जास्त हलली की बाजूला काढायची. याला कॅलिब्रेशन म्हणू नये, ही तुलना आहे. वर्षातून एकदा प्रयोगशाळा लागतेच, कारण ठोकळ्याची साखळी राष्ट्रीय मानकापर्यंत पोचत नाही. प्रयोगशाळेची पोचते: दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतून कथील २३१.९२८ अंशांना आणि जस्त ४१९.५२७ अंशांना गोठते अशा स्थिरबिंदूंपर्यंत. आपली डाय नेमकी या दोहोंच्या मध्ये चालते.

परिणाम

तिन्ही पाळ्यांची रिजेक्शन एकमेकींच्या जवळ आली. रात्रीचा कोल्ड शट दिवसाएवढा झाला, दुसऱ्या पाळीचे श्रिंकेज कमी झाले आणि त्यांची नगसंख्याही वाढली. भिंग आठवड्याला ओल्या कापसाच्या बोळ्याने पुसले जाते. थिनर लावायचे नाही असे मोठ्या अक्षरात लिहिले आहे, कारण स्वस्त गनचे भिंग प्लॅस्टिकचे असते आणि एकदा थिनर लागला की गन गेली. एसी असलेल्या क्वालिटी खोलीतून आणलेली गन कामाच्या शेडमध्ये अर्धा तास ठेवून मगच वापरतात. उन्हाळ्यात शेड चाळिशीच्या वर जाते, आणि गनचा सेन्सर आधी स्वतःच्या तापमानाशी जुळावा लागतो.

मामाला दिलेला समजपत्राचा कागद मालकांनी फाईलमधून काढायला लावला. मी तो राहू द्यावा, त्यावर खुलासा लिहावा, असे सुचवले होते. ते मान्य झाले नाही.

सगळे सुरळीत झाले असे नाही. काही महिन्यांनी पर्चेसने कोटाचा पुरवठादार बदलला. नवा कोट पांढरा, जुना राखाडी. पांढरा आहे म्हणजे एमिसिव्हिटी कमी असणार, असे गृहीत धरून सुपरवायझरने स्वतःच आकडा बदलून २९५ केला. डोळ्याला पांढरे दिसणारे ८ ते १४ मायक्रोमीटरमध्ये पांढरे असतेच असे नाही. बहुतेक ऑक्साइडचे कोट तिथे चांगलेच काळे असतात. थर्मोकपल लावून पाहिले, नवा कोट जुन्यापेक्षा किंचित वरच निघाला. तोपर्यंत दोन दिवसांचा माल थंड डायवर निघाला होता.

पुन्हा करायचे झाले तर

तक्त्यात गनचा नंबर लिहायचा रकाना पहिल्या दिवसापासून असता तर पाळीचा दोष आणि गनचा दोष वेगळे करायला एक संध्याकाळ पुरली असती. आता तो रकाना आहे.

कॅलिब्रेशनच्या ऑर्डरवर कामाचे तापमान पर्चेसने नाही, प्रॉडक्शनने लिहावे. बिंदू, सेटिंग, अंतर, आधीची आणि नंतरची स्थिती. प्रयोगशाळेला डाय माहीत नसते. जे मागितले नाही ते ती करणार नाही, आणि त्यात तिची चूकही नाही.

कोट बदलला की थर्मोकपलची जुळणी पुन्हा, हा नियम आधीच लिहायला हवा होता. पर्चेसच्या बदलाच्या फॉर्ममध्ये तो उशिरा आला.

थर्मोकपलसाठीचे भोक चालू डायना पाडणे जिकिरीचे गेले. नव्या डायच्या ड्रॉइंगमध्ये आता ते सुरुवातीपासून असते, पाठीकडून, पोकळीपासून ३ मिलिमीटर आधी थांबणारे, वापरात नसताना बोल्टने बंद. गेटजवळच्या झिजणाऱ्या जागेचा प्रश्न मात्र गनने सुटत नाही. तिथे एमिसिव्हिटी पाळीगणिक बदलते, म्हणून तिथे गन रोखायचीच नाही असे ठरले आहे, आणि त्या भागाचे तापमान कसे सांभाळायचे ते अजून कोटाच्या झिजेवर आणि मामासारख्यांच्या कानावर चालले आहे.